मोटारीचें तेल आणि मैलांचा आंकडा

बैलगाडीचा गाडीवान जुनें वंगण कधीं मुद्दाम काढून टाकीत नसे. चाक करकरूं लागलें कीं आंसाला नवें वंगण घालावें आणि वाटेला लागावें, एवढाच त्याचा शिरस्ता. मोटारीच्या इंजिनाला हा शिरस्ता चालत नाहीं. तें करकरूं लागेपर्यंत थांबणाऱ्या मालकावर तेलाऐवजीं इंजिनच बदलण्याची पाळी येते. म्हणून तेल निकामी होण्याच्या आधींच तें काढावयाचें, आणि त्यासाठीं मैलांचा कांहीं तरी आंकडा ठरवावयाचा, असा प्रघात पडला. हा आंकडा गेल्या शतकांत ७५० मैलांपासून २५,००० मैलांपर्यंत चढला आणि पुन्हां बराच उतरला. या चढउतारांत रसायनशास्त्राचा वांटा आहे, तसाच बाजाराचाहि आहे.

सन १९०८ मध्यें निघालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीला तेलाचा पंप नव्हता कीं तेलाची गाळणी नव्हती. फिरत्या चाकानें उडविलेलें तेल जेथें पोहोंचेल तेथें पोहोंचे, आणि रस्त्यावरची धूळहि इंजिनांत शिरे. नव्या गाडीचें तेल ४००-५०० मैलांनंतर व पुढें साधारणतः दर ७५० ते १,००० मैलांनीं काढावें, असें कंपनीची पुस्तिका सांगे. सन १९२३ मध्यें स्वीटलंड व ग्रीनहॅल्घ या अमेरिकनांनीं तेलाची गाळणी प्रचारांत आणली. त्यानंतरच्या दोन दशकांत काजळी धुवून ती तेलांत तरंगती ठेवणारीं द्रव्यें मिसळण्यास आरंभ झाला. तेल काळें दिसतांच ‘गेलें’ म्हणून हात झटकणारे मिस्त्री अद्यापहि भेटतात. वास्तविक काळें पडणें ही पुष्कळदां तेल आपलें काम चोख करीत असल्याची खूण असते.

तथापि मूळ तेलाचा दोष उरलाच होता. खनिज तेल म्हणजे लहानमोठ्या, वेड्यावांकड्या रेणूंचें कडबोळें. त्यांतील मेण थंडींत गोठतें आणि हलके रेणू उष्णतेनें उडून जातात. यावर उपाय म्हणजे हवे तेवढ्याच लांबीचे रेणू रसायनशाळेंत जोडून तेल बनविणें. हेंच सिंथेटिक तेल. अमेरिकेंत स्टँडर्ड ऑइल ऑफ इंडियाना कंपनीनें असें तेल १९२९ च्या सुमारास बनविलें, पण त्याला गिऱ्हाईक मिळालें नाहीं. स्वस्त खनिज तेल मुबलक असतां महाग तेल कोण घेणार? जर्मनीला मात्र दुसऱ्या महायुद्धांत खनिज तेलाचा तुटवडा आणि रशियाचा हिवाळा अशा दोन्ही संकटांनीं या मार्गाला लावलें. पुढें जेट विमानांच्या इंजिनांना खनिज तेल सोसेना, तेव्हां तेथेंहि सिंथेटिक तेल आलें.

विमानांतून तें मोटारींत आणणाऱ्यांपैकीं एक अल्बर्ट अमाटुझिओ हा अमेरिकेंतील जेट लढाऊ विमानांच्या तुकडीचा प्रमुख होता. त्याच्या ‘अ‍ॅम्सॉइल’ला १९७२ मध्यें अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या कसोटीला उतरलेल्या पहिल्या सिंथेटिक मोटार-तेलाचा मान मिळाला. २५,००० मैल किंवा एक वर्ष, ही त्याची घोषणा. पुढच्याच वर्षीं अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली आणि इंधनाचा थेंब न् थेंब मोलाचा झाला. १९७४ मध्यें ‘मोबिल वन’ युरोपांत आलें.

परंतु येथेंच लोकांचा एक गैरसमज झाला. सिंथेटिक म्हणजे न झिजणारें, असें पुष्कळांनीं धरलें. मूळ तेल दीर्घकाळ टिकतें हें खरें. त्यांत मिसळलेलीं द्रव्यें मात्र खर्च होतात. इंधन जळतांना आम्लें तयार होतात, त्यांना मारण्यासाठीं तेलांत अल्कधर्मी द्रव्य घातलेलें असतें. तें संपलें कीं तेल कितीहि उंची असो, इंजिनाच्या धातूला आम्ल खाऊं लागतें. शिवाय आंखूड फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं. मग पाण्याची वाफ व न जळलेलें पेट्रोल तेलांतच राहतें. म्हणजे सरळ रस्त्यावरचे ५,००० मैल आणि गल्लींतले ५,००० मैल हे तेलाच्या लेखीं सारखे नव्हेत. जनरल मोटर्समधील रसायनज्ञ शर्ली श्वार्ट्झ व त्यांचे सहकारी यांनीं हें ओळखलें. इंजिनाच्या फेऱ्या व तेलाचें तापमान यांवरून उरलेल्या आयुष्याचा हिशेब करणारी योजना १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गाड्यांत बसविण्यांत आली. मैल मोजण्यापेक्षां हा हिशेब कितीतरी शहाणपणाचा होता.

दरम्यान ‘सिंथेटिक’ या शब्दाचाच अर्थ पातळ झाला. कॅस्ट्रॉल या कंपनीनें — हें नांव मूळचें एरंडेलावरून पडलेलें, कारण १९०९ मध्यें तिच्या तेलांत एरंडेल मिसळीत — खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून बनविलेलें तेल सिंथेटिक म्हणून विकलें. मोबिलनें हरकत घेतली. जाहिरातींचे तंटे सोडविणाऱ्या अमेरिकन संस्थेनें १९९९ मध्यें कॅस्ट्रॉलच्या बाजूनें कौल दिला. तेव्हांपासून डब्यावरच्या त्या एका शब्दावरून आंत काय आहे हें कळेनासें झालें. वाहनाच्या कारखानदारानें कोणतें मानक मान्य केलें आहे, तेंच पाहावें लागतें.

याचा फटका ज्यांना बसला, त्यांना तो कायमचा आठवतो. फोक्सवागन व आउडी यांच्या १.८ लिटर टर्बो इंजिनांत तेलाचा दाट गाळ सांचून पुष्कळ इंजिनें जखडलीं, आणि २००४ मध्यें कंपनीला अमेरिकेंत त्यांची हमी आठ वर्षांपर्यंत वाढवावी लागली. उलट टोंकाचें नुकसानहि थोडें नव्हतें. ३,००० मैलांची जुनी सवय तेल बदलण्याच्या दुकानांनीं इतकी जोपासली कीं, कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याला २०१० च्या सुमारास लोकांना ‘पुस्तिका वाचा, चांगलें तेल फेंकूं नका’ असें सांगत फिरावें लागलें.

तेल सुधारत गेलें तरी आंकडा चढतच राहिला असें मात्र नाहीं. बीएमडब्ल्यूनें अमेरिकेंतील आपला १५,००० मैलांचा आंकडा २०१४ च्या गाड्यांपासून १०,००० मैल किंवा एक वर्ष असा खालीं आणला. सर्वत्रच इंजिनें लहान, टर्बोचीं व अधिक तापणारीं झालीं असून थोड्या तेलावर मोठा भार पडूं लागला आहे. भारतांत मारुतीसारख्या कंपन्यांच्या पुस्तिकांत सामान्यतः १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकीं जें आधीं येईल तें, असें लिहिलेलें असतें. धूळ, खोळंबलेली रहदारी आणि आंखूड फेऱ्या यांसाठीं त्याहून कमी. वर्षाची अट पुष्कळांना निरर्थक वाटते. पण रोज मंडईपर्यंत जाऊन परतणारी, वर्षाला २,००० किलोमीटरहि न चालणारी गाडी हीच त्या अटीची खरी धनीण आहे. तिच्या तेलांतलें पाणी उडून जाण्याइतकी ती कधीं तापतच नाहीं.