हिमप्रदेशाचा श्वान आणि आमचा आश्रय

निराश्रित प्राण्यास घरीं आणून पाळणें हें पुण्यकृत्य आहे, याविषयीं आमच्या समाजांत दुमत नाहीं. परंतु आश्रय म्हणजे काय, याचा विचार मात्र फारसा होत नाहीं. अलीकडे हा प्रश्न मध्यम वर्गाच्या दारीं नव्या स्वरूपांत आला आहे. सायबेरियन हस्की जातीचें निळ्या डोळ्यांचें पिल्लू हौसेनें विकत घ्यावें आणि तें वाढून आवरेनासें झालें कीं प्राण्यांच्या अनाथाश्रमाच्या दारीं नेऊन सोडावें, असे प्रकार पुण्यामुंबईकडे घडत असतात. मग एखादें दयाळू कुटुंब त्यास घरीं आणावयास निघतें. त्या कुटुंबानें प्रथम या जातीचा इतिहास पाहावा, अशी आमची सूचना आहे. कारण या श्वानाचा स्वभाव त्या इतिहासानेंच घडविलेला आहे.

मुक्या प्राण्यांस थारा देण्याची कल्पना आम्हांस परकी नाहीं. इ. स. १८३२ च्या जून महिन्यांत मुंबईंत सरकारी हुकमानें मोकाट कुत्रीं मारलीं जाऊं लागलीं, तेव्हां पारशी लोक खवळून उठले व शहरांत दंगा झाला. मृतदेहावर श्वानाची दृष्टि पडावी, असा त्यांच्या धर्मांत विधि आहे; त्यामुळें हा प्रश्न त्यांच्या श्रद्धेचा होता. दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला. पुढें १८७४ सालीं प्राण्यांवरील क्रौर्य थांबविणारी मंडळी तेथें निघाली, आणि परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें. या संस्थांचे उपकार मोठे आहेत. तथापि पांजरापोळाच्या कल्पनेंत अन्न, पाणी आणि सावली हीं तीन मुख्य. थकलेल्या बैलास किंवा गल्लींतल्या जखमी कुत्र्यास एवढें मिळालें म्हणजे पुष्कळ होय. हस्कीस तेवढ्यानें भागत नाहीं.

ही जात ईशान्य सायबेरियांतील चुकची लोकांनीं घडविली. बर्फावरून हलकें ओझें फार दूर ओढून नेणारा प्राणी त्यांस हवा होता. अंगांतील बळापेक्षां छातींतला दम त्यांस मोलाचा. म्हणून हा श्वान देहानें मध्यम, वजनानें सोळा ते सत्तावीस किलो, दुहेरी केंसांचा आणि थोड्या अन्नावर दिवसभर धांवणारा असा झाला. १९०९ च्या सुमारास अशीं कुत्रीं अलास्कांतील नोम या गांवीं शर्यतींसाठीं आणण्यांत आलीं. तेथें लेओनहार्ड सेप्पाला नांवाच्या नॉर्वेजियन गाडीवानानें तीं नांवारूपास आणिलीं.

याच सेप्पालाच्या टोगो नामक श्वानाची हकीकत दत्तक घेऊं इच्छिणाऱ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. टोगो पिल्लू असतांना आजारी व खोडकर होता. गाडीच्या कामाचा नाहीं असें ठरवून सेप्पालानें तो एका घरीं पाळण्यासाठीं देऊन टाकिला. कांहीं आठवड्यांतच त्यानें बंद खिडकीच्या कांचेंतून उडी घेतली आणि कित्येक मैल धांवत तो मूळच्या जागीं परत आला. पुढें आठ महिन्यांचा असतांना त्यास गाडीस जुंपलें, तों त्याची सारी धांदल शमली. पहिल्याच दिवशीं तो ७५ मैल धांवला. ज्या घरानें त्यास घेतलें तें कांहीं निर्दय नव्हतें. पण त्या घरांत त्यास काम नव्हतें.

१९२५ च्या जानेवारींत नोम येथें घटसर्पाची सांथ उद्भवली. आगगाडीनें नेनानापर्यंत आलेलें प्रतिविष तेथून ६७४ मैल न्यावयाचें होतें. वीस गाडीवान व सुमारें दीडशें कुत्रीं यांनीं टप्प्याटप्प्यानें तें साडेपांच दिवसांत पोंचविलें. सर्वांत लांब व बिकट टप्पा टोगोचा. शेवटचा टप्पा गुन्नार कासेनच्या बाल्टोचा. कीर्ति बाल्टोच्या वांट्यास आली, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्यें त्याच वर्षीं त्याचा पुतळाही उभा राहिला. परंतु पुतळा जेथल्या तेथें राहिला आणि जिवंत बाल्टो विकला गेला! लॉस एंजल्स येथील एका हलक्या तमाशाच्या खेळांत तो व त्याचे सोबती हालअपेष्टेंत बांधून ठेविलेले जॉर्ज किंबल या क्लीव्हलंडच्या व्यापाऱ्यास आढळले. मालकानें दोन हजार डॉलर मागितले. क्लीव्हलंडच्या नागरिकांनीं, शाळेंतल्या मुलांनींसुद्धां आपल्या खाऊचे पैसे घालून, थोड्याच दिवसांत ती रक्कम उभी केली आणि १९२७ च्या मार्चांत सात श्वानांचें त्या शहरांत मिरवणुकीनें स्वागत झालें. या जातीच्या उद्धाराचा हा पहिला गाजलेला प्रसंग म्हणावयास हरकत नाहीं. त्यावरून एवढेंच दिसतें कीं, लोकांची वाहवा श्वानास वाचवीत नाहीं. जबाबदारी घेणारा कोणी लागतो.

आतां हें सारें आमच्या कळसास लावून पाहूं. इंदापूर तालुक्यांतील हा पर्जन्यछायेचा मुलूख. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. येथील धनगराचा कुत्रा दिवसा सावलींत पडून राहतो व रात्रीं मेंढरांच्या वाड्याभोंवतीं जागतो. भूमीनें व कामानें तो घडलेला आहे. हस्की येथें आणावयाचा तर त्याच्या धांवण्याची वेळ पहांटेची, सूर्य वर येण्यापूर्वींची. दुपारीं गारवा हवा. त्याचे केंस उष्णतेसाठीं भादरूं नयेत, कारण तेच त्यास उन्हापासूनही जपतात. कुंपण उंच हवें व खालून खणतां न येणारें हवें.

आणि त्यास मोकळा सोडणें तर सर्वथा वर्ज्य. मेंढरूं दिसलें कीं त्याचा पाठलाग करणें त्याच्या रक्तांत आहे. शिवाय आमच्याच तालुक्यांत कडबनवाडीचें माळरान आहे, तेथें चिंकारा व लांडगा यांची वस्ती आहे. पुण्याच्या परिसरांतील लांडग्यांत कुत्र्याचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. कंटाळून माळावर सोडलेला एकच श्वान त्या दुर्मिळ वंशाचें किती नुकसान करील, याचा विचार करावा. अन्नपाण्यावांचून हाल होतील अशा स्थितींत पाळीव प्राण्यास सोडून देणें हा १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हाही आहे.

धांवणाराच सोबती हवा, तर त्याचा सांभाळ करण्याजोगी जात आमच्याच दक्षिणेंत आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनीं तिची जोपासना करून एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास भेट दिली होती. अर्थात् मुधोळच्या श्वानासही रोज दौड लागतेच.

म्हणून अनाथाश्रमांत जातांना पहिला प्रश्न त्या श्वानाच्या रूपाविषयीं नसावा. तो कोणी व कां सोडला, पूर्वीं त्यास रोज किती धांवावयास मिळे, इतर जनावरांशीं तो कसा वागतो, हें विचारावें. आणि आमच्या घरीं रोज पहांटे कोण उठणार आहे, हें घरांतल्या माणसांस विचारावें. उत्तर प्रामाणिकपणें नकारार्थी आलें, तर त्या आश्रमास पैशानें वा श्रमानें साहाय्य करणें हेंही लहान पुण्य नव्हे. उत्तर होकारार्थी आलें, तर त्या श्वानास घरीं खुशाल आणावें. पहांटे कळसच्या वाटेवर दोरीस ओढ देत धांवणारा हिमप्रदेशाचा तो जीव जातां-येतां कोणासही विचित्र दिसेल खरा. पण त्याच्या पुरता तो घरीं पोंचलेला असेल.