धाव आणि टायर : वऱ्हाडच्या कापूसगाडीच्या चाकाची गोष्ट

वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास बहुधा दोन टोकांवरून सांगितला जातो. एका टोकाला काळी जमीन, दुसऱ्या टोकाला मुंबईची गोदी आणि मँचेस्टरच्या गिरण्या. मधली दहा-वीस मैलांची वाट, म्हणजे शेतापासून बाजारापर्यंतची, सहसा कोणी पाहत नाही. हा थ्रेड त्या वाटेवरच्या चाकाविषयी आहे.

आरंभ चाकाच्या अभावापासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावतीचा कापूस गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे, सुमारे ५०० मैल, आणि तोही मुख्यतः बैलांच्या पाठीवर. १८४२ मध्ये एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे ओझे होईल इतका कापूस कलकत्त्याकडे धाडला, असे सांगितले जाते. गाडी ठाऊक नव्हती असे नाही. पण पक्क्या सडकेवाचून भरलेली गाडी इतका पल्ला काढू शकत नव्हती. काळी माती पावसात फुगते, चाकाला थापा लावते. उन्हाळ्यात तिलाच हातभर भेगा पडतात. पाठीवर ओझे घेतलेल्या बैलाला मात्र पायवाट पुरते.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडचा कापूस एकाएकी मोलाचा ठरला. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे अकोला, बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावचा फाटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. रेल्वेने बैलगाडी संपवली, हा समज येथे टिकत नाही. उलट प्रत्येक स्टेशन हे गाड्यांचे नवे ठाणे झाले. लांबचा पल्ला इंजिनाने घेतला आणि जवळचा बंडीने.

या बंडीचे चाक मोठ्या विचाराचे होते. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी पट्टी, म्हणजेच धाव. लाकूड बहुधा बाभळीचे, कारण ते चिवट, धक्का सोसणारे आणि बांधावर सहज मिळणारे. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड करीत. मग तिच्याभोवती गोवऱ्या रचून ती लाल होईतो तापवायची, फुगलेल्या अवस्थेत चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सारे सांधे एका क्षणात घट्ट होतात. एकही खिळा न ठोकता साधलेली ही जोडणी सुतार आणि लोहार यांच्या सामाईक हिशेबावर उभी असे. त्यातला एक जरी चुकला तरी वैशाखात लाकूड सुकून धाव निसटायची. म्हणूनच गाडीवान नाल्यात गाडी उभी करून चाके भिजवीत.

चाक उंच असण्यालाही कारण होते. मोठा घेर खड्ड्यात कमी उतरतो, आणि आस वर राहिल्याने गाडीचे पोट चिखलाला टेकत नाही. धाव अरुंद ठेवली की चाक हलके, स्वस्त आणि चाकोरीत नीट बसणारे होते. मात्र पक्क्या सडकेवर हाच गुण दोष ठरतो. सगळा भार दोन-चार बोटांच्या पट्टीवर येतो आणि ती पट्टी खडीचा चुरा करते.

मोटारी आल्या तसा हा दोष गुन्हा ठरू लागला. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली, १९२९ मध्ये पेट्रोलवरच्या करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. लोखंडी धावेने सडक कशी वाचवावी, हा अभियंत्यांच्या चर्चेतला नेहमीचा प्रश्न होता. त्यांचे म्हणणे पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने बिनचूक होते. न्यायाच्या दृष्टीने तितकेसे नव्हते. कापूस ज्या गाडीने स्टेशनावर येई, तिच्या गावापर्यंत सडक गेलेलीच नव्हती. गाडीवानाने चाक निवडले होते ते त्याला मिळालेल्या वाटेसाठी. डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेनेही, शेतीप्रधान भागातले गाव मोठ्या रस्त्यापासून ५ मैलांहून दूर नसावे, हे उद्दिष्ट म्हणूनच लिहिले.

तोडगा रबराचा निघाला. हवेच्या टायरचे श्रेय ज्याला मिळते तो जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टचा पशुवैद्य. १८८८ मध्ये त्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केलेली युक्ती पुढे बैलांच्या कामी यावी, हा योग मोठा मजेशीर आहे. त्याच्या नावाच्या कंपनीचा कारखाना बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे १९३६ मध्ये सुरू झाला, आणि जनावरांच्या गाडीसाठी खास टायर निघाले. लोकांनी गाडीलाच ‘डनलॉप’ म्हणायला सुरुवात केली. हवेचे टायर भार रुंद जागेवर पसरते, त्यामुळे सडक वाचते, आणि पक्क्या रस्त्यावर तीच बैलजोडी कितीतरी अधिक माल ओढते.

तरीही पुष्कळ शेतकऱ्यांनी लाकडी चाक बराच काळ सोडले नाही. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. हिशेब मांडला की चित्र बदलते. धाव सैल झाली तर गावातला लोहार होता, आणि त्याला बलुत्याचे धान्य चालत असे. टायरला रोख पैसा लागे आणि पंक्चरला तालुक्याचे गाव. ज्या बाभळीने चाक दिले, तिचाच काटा आता ट्यूब फोडीत होता. टायरचे चाक बुटके असल्याने ओल्या शेतात ते लवकर रुते. उतारावर तर वेगळेच संकट: लोखंडी चाक स्वतःच अडखळत चाले, रबरी चाक धावे आणि मागचा सारा रेटा बैलांच्या मानेवर येई. ब्रेक नसलेली भरली टायरगाडी घाटात धोक्याचीच.

गाडीवानाला एक गोष्ट मात्र चाक बदलूनही पाळावीच लागे. दुचाकी गाडीत ओझे पुढे सरकले तर ती धुरजड होते आणि जू मानेत रुतते. मागे सरकले तर उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पिकअपच्या मागे ट्रॉली जोडणाऱ्या आजच्या चालकालाही नेमका हाच तोल सांभाळावा लागतो. पुढे बैलाच्या मानेऐवजी हुक असतो, इतकेच.

आज अकोला आणि अमरावतीच्या बाजारात कापूस पिकअपमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतो. शेतात उरलेल्या बंड्यांना पुष्कळदा मोडीत निघालेल्या मोटारींची चाके असतात, नक्षी पार झिजलेली. धाव चढवण्यासाठी गोवऱ्यांचे रिंगण पेटवणारे लोहार मात्र आता शोधावे लागतात.