देवीचा रोगी दाखवा, हजार रुपये मिळवा

१९७४ साली भारतात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले. त्यांतील ३१ हजारांहून अधिक दगावले. लस नव्हती म्हणावे, तर मुंबईत पहिली लस टोचली गेली ती १८०२ मध्ये! अडचण निराळीच होती. रुग्ण सापडत नव्हते.

रोगाचे नावच 'देवी'. घरात देवी आल्या की शीतलामातेची मनधरणी करायची, बाहेर वाच्यता करायची नाही. त्यात लस टोचणाऱ्या पथकांची धास्ती. मोहिमेची सारी भिस्त मात्र रुग्ण हुडकण्यावर होती: रोगी सापडला की त्याच्या अवतीभवतीच्या सर्वांना तातडीने लस टोचून संसर्गाची साखळी तोडायची. एक रुग्ण दडून राहिला, तरी ती पुन्हा जुळे.

म्हणून इनाम जाहीर झाले. खबर द्या, रोग देवीचाच ठरला तर ५० रुपये. पुढे १०० आणि अखेर १०००. म्हणजे शेतमजुराची कित्येक महिन्यांची मजुरी. रोग जसजसा आटत गेला, तसतसे इनाम वाढत गेले. पुष्कळशा खबरा कांजिण्यांच्या निघत, तरी प्रत्येक तपासली जाई. इनामाची माहिती किती गावकऱ्यांना आहे, याचीही पाहणी होई.

पैशाचे आमिष उलटूही शकते. १९०२ मध्ये हनोईत फ्रेंच सरकारने प्लेगच्या धास्तीने उंदराच्या शेपटीमागे एक सेंट देऊ केला. लोकांनी शेपट्या छाटून उंदीर सोडून दिले, काहींनी तर उंदीर पाळले! देवीचा रुग्ण असा पाळता येत नव्हता, शिवाय पैसे तपासणीनंतरच मिळत.

भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. हजारांचे इनाम त्यानंतरचे. ते मिळवायला कोणी खरा रोगी आणू शकले नाही, आणि अधिकाऱ्यांना हवा होता तो नेमका हाच पुरावा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात बांगलादेशातील भोला बेटावर रहिमा बानू या लहानगीला देवी आल्या. खबर दिली आठ वर्षांच्या एका मुलीने. तिला २५० टका मिळाले.

१९७७ मध्ये सोमालियातील मर्का शहरात अली माओ मालिन हा इस्पितळातील स्वयंपाकी आजारी पडला. तो स्वतः पुढे आला नाही. इस्पितळातल्याच एका परिचारकाने इनामासाठी त्याची खबर दिली. मालिन बरा झाला. नैसर्गिक संसर्गाने देवी झालेला जगातील तो शेवटचा रुग्ण.