धुळपाटी, उर्दू आणि गणिताची वही

मंडळी, या शनिवारी धाराशिवकडे जायचंय, पण जरा लांबून.

आपल्याकडे अंकगणिताला 'पाटीगणित' म्हणत. भास्कराचार्यांची 1150 ची 'लीलावती' याच जातीतली. फळीवर धूळ पसरायची, बोटाने नाहीतर काडीने आकडे काढायचे. गुणाकाराच्या एका जुन्या रीतीत तर काम झालेला आकडा पुसून त्याच जागी नवा लिहीत पुढे सरकायचं. शेवटी फळीवर उरायचं फक्त उत्तर! आपल्या धंद्याच्या भाषेत, आउटपुट आहे पण लॉग नाही. चूक कुठे झाली हे शोधणार कसं? 952 च्या सुमारास दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसीने हेच हिंदी गणित शाई-कागदावर बसवलं आणि मधल्या पायऱ्या शिल्लक राहू लागल्या. (धुळपाटी रस्त्यावरचे भविष्यवाले वापरतात, ही त्याची आणखी एक तक्रार!)

आपल्या पंतोजींच्या शाळेत मात्र धुळाक्षरं आणि घोकंपट्टी. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी... पाठांतराला नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. बाजारात ते झकास चालायचं. पण पोराने डोक्यात काय केलं, त्याची नोंद कुठेच नाही.

धाराशिवच्या पोरांपुढे आणखी एक पेच होता. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात. वरच्या वर्गांत उर्दू, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच. गंमत बघा, उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे धावते आणि संख्या डावीकडून उजवीकडे. उर्दूत गणित नीट होत नव्हतं असं मुळीच नाही. उस्मानियाच्या भाषांतर विभागाने वरच्या गणिताची पुस्तकं उर्दूत आणली होती. पण घरी मराठीत हिशेब करणाऱ्या पोराला 'मी असं का केलं' हे त्या भाषेत लिहिता येणं अवघडच. याच जिल्ह्यात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, व्यंकटेश खेडगीकर तिचे मुख्याध्यापक होते. तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ झाले. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.

आता भाषा आपली, वहीही आहे. पण वहीत बहुतेक वेळा फळ्यावरून उतरवलेलंच असतं. समजा, 42 वजा 17 चं उत्तर पोराने 35 काढलं. लाल फुली मारली की विषय संपला. पण त्याच्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या आणि त्याने लिहिलं, 'दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले', तर? पोरगं निष्काळजी नाही, त्याने स्वतःचा एक नियम बनवलाय, आणि तो प्रत्येक वजाबाकीत लावणार. हे नुसत्या 35 वरून सहज दिसत नाही.

बालभारतीच्या गणितात 'उदाहरण तयार करा' असेही स्वाध्याय असतात. वेळ नाही म्हणून गाळायला सगळ्यात सोपे तेच! भूमकडच्या पोराला खव्यावर उदाहरण रचायला सांगून बघा. पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा. दूध कितीचं, खवा कितीला गेला, उरले किती? आता त्याने सरपणाचा खर्च धरलाय का, ते वाचायचं.