टायग्रिसचा गाळ आणि कूतची उपासमार

कांजूरमार्गच्या पूर्वेस, मिठागरांच्या पलीकडे, ठाण्याची खाडी लागते. ओहोटीस तेथे चिखल उघडा पडला म्हणजे मचव्यावरचा तांडेल स्वस्थ बसून राहतो. पाणी काही तासांनी परत येणार हे त्यास ठाऊक असते. परंतु जेथे भरती पोहोचतच नाही अशा उथळ, गढूळ नदीवरून सबंध सैन्याची रसद नेण्याची वेळ आली म्हणजे काय होते, हे सन १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात दिसून आले. हा इतिहास आम्हांस परका नाही. कूत-अल-अमारा येथे जे सैन्य कोंडले गेले त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या.

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेने बसरा घेतले. तेथून बगदाद नदीच्या मार्गाने सुमारे ५०० मैल. वाटेत ना पक्की सडक, ना रेल्वे. जे जावयाचे ते टायग्रिसवरून. ही नदी वसंतात अर्मेनियाच्या डोंगरांतील बर्फ वितळले म्हणजे दुथडी भरते व काठची जमीन बुडविते; शरदात मात्र कित्येक ठिकाणी तिच्यात पुरुषभरही पाणी राहत नाही. गाळ दर पुराबरोबर जागा बदलतो, त्यामुळे कालची वाट आज असेलच असा भरवसा नाही. नकाशाचा उपयोग थोडा. गलहीवर उभे राहून बांबूने पाणी मोजणारा अरब वाटाड्या हाच खरा नकाशा. अमाराच्या खाली तर पात्र इतके अरुंद व वळणांचे की समोरासमोर आलेल्या दोन आगबोटींपैकी एकीस काठास लागून थांबावे लागे. प्रत्येक बोटीच्या दोन्ही अंगांस एकेक मालाचा तराफा बांधलेला. ती रुतली की नांगर पुढे नेऊन टाकावयाचा आणि दोर ओढीत ओढीत तिला सोडवावयाचे. यात तास जात, कधी दिवसही जात.

अशा पाण्यास बोटही तशीच हवी. यॅरो कंपनीने बांधलेल्या ‘फायरफ्लाय’ जातीच्या लहान तोफबोटी अवघ्या दोनएक फूट पाण्यात चालत. त्यांचा पंखा तळाखाली न ठेवता तळातच कोरलेल्या बोगद्यात बसविलेला असे. मोटारबोटींसही हीच युक्ती लागू पडे. मात्र त्यांचे दुखणे निराळे होते. इंजिन थंड ठेवण्यास नदीचेच पाणी घ्यावयाचे, आणि त्या पाण्यात गाळ! पंप व नळ्या तुंबल्या की इंजिन तापून बंद पडे. म्हणून मोटारबोट घेतली म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. सुटे भाग, कारागीर व कारखाना हे तिच्या पाठोपाठ यावे लागतात.

नेमके हेच आले नाही. जनरल निक्सन याने सन १९१५ च्या मध्यास नदीच्या बोटींची मागणी केली. तिची दाद लागता लागता महिने गेले. जुन्या बोटी हिंदुस्थानातून धाडल्या, त्यांतील कित्येक शांत नदीसाठी बांधलेल्या असल्याने समुद्रातच बुडाल्या. रेल्वे मागितली, ती खर्चाच्या सबबीवर नाकारली गेली. आणि तरीही सैन्य मात्र बगदादकडे पुढे ढकलले! या काटकसरीस आम्ही काटकसर म्हणण्यास तयार नाही.

नोव्हेंबरात टेसिफॉन येथे गती खुंटून जनरल टाउनशेंड मागे फिरला. माघारीत ‘शैतान’ रुतली. १ डिसेंबर रोजी ‘फायरफ्लाय’ व ‘कॉमेट’ याही गेल्या. ७ डिसेंबरास कूतला वेढा पडला. पुढे बसऱ्यास कुमक उतरली, परंतु वर नेण्यास बोटी नाहीत म्हणून हजारो शिपाई बंदरातच पडून राहिले. बसऱ्यास तेव्हा धड धक्काही नव्हता. माल भर पात्रात जहाजावरून देशी गलबतांत उतरवावा लागे.

कूतमध्ये घोडे मारून खाण्याची पाळी आली. आमचे बहुतेक शिपाई धर्मभावनेमुळे ते मांस दीर्घकाळ घेईनात; भाजीपाला नाही, त्यामुळे रक्तपिती पसरली. एप्रिलात विमानांतून धान्य टाकून पाहिले, पण ते इतक्या तोंडांस कितीसे पुरणार? शेवटचा उपाय नदीचाच. २४ एप्रिल १९१६ च्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट पत्र्यांनी मढवून, २७० टन रसद घेऊन, तुर्की तोफांमधून निघाली. तिचा वाटाड्या काउली हा टायग्रिसवर आयुष्य काढलेला मनुष्य. मागासिस येथे तुर्कांनी पात्रात आडवा लावलेला दोर तिला अडला आणि ती काठास जाऊन रुतली. तिचा नायक फर्मन ठार झाला, काउली शत्रूच्या हाती लागून प्राणास मुकला. दोघांसही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाच दिवसांनी, जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर, सुमारे १३ हजार माणसे शरण गेली.

मग मात्र पैशास तोटा राहिला नाही. नदीच्या वाहतुकीचे स्वतंत्र खाते निघाले, बसऱ्यास धक्के बांधले गेले, मोटारबोटी, इस्पितळाच्या लाँची, दुरुस्तीचे कारखाने, सर्व आले. ११ मार्च १९१७ रोजी जनरल मॉड बगदादेत शिरला. त्याच साली चौकशी मंडळाचा अहवाल निघून भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. कूतमध्ये धरलेल्या हिंदी शिपायांपैकी पुष्कळ जण त्या वेळी रास-अल-ऐन येथे तुर्कांच्या रेल्वेसाठी रूळ टाकण्याच्या कामावर राबत होते.