ऊन अडवावे, रंध्र अडवू नये

श्रोतेहो, मालवणच्या किनाऱ्यावरचा माणूस इतिहासावर बोलावयास बसला म्हणजे तो सन १६६४ पासून, कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तेथून, आरंभ करील अशी आपली साहजिक अपेक्षा असणार. आज मात्र मी एका निराळ्या तटबंदीचा इतिहास सांगणार आहे. ही तटबंदी माणसाच्या चेहऱ्यावर उभारावयाची असते, आणि तिच्यावर चालून येणारा रोज पूर्वेकडून येतो. उन्हापासून कातडीचे रक्षण करणारा लेप, ज्यास बाजारात सनस्क्रीन म्हणतात, तो कसा निर्माण झाला आणि ज्यांच्या चेहऱ्यावर मुरूम येतात त्यांना तो सोसावा म्हणून काय काय शोधावे लागले, हा आजचा विषय.

मी वैद्य नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते फळ्यापुढे. परंतु नववी-दहावीचे वर्ग घेणाऱ्या कोणत्याही शिक्षकास ठाऊक असते की, उत्तर येत असूनही मान वर न करणारी काही मुले वर्गात असतात, आणि त्यांपैकी एखाद्याच्या मौनाचे कारण पुस्तकात नसून गालावर असते. म्हणून या विषयास मी क्षुल्लक समजत नाही.

प्रथम आपल्या उन्हाचा थोडा विचार करू. मालवण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १६ अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या ८ तारखेच्या आसपास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. समुद्रकाठी ऊन केवळ वरूनच येते असेही नाही. कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी सुमारे १५ टक्के व लाटांचा फेस सुमारे २५ टक्के परत फेकतो. म्हणजे माडाच्या सावलीत बसलेल्यासही काही भाग पोहोचतोच.

या उन्हाशी आपल्या पूर्वजांनी केलेला करार मुख्यतः सावलीचा होता. रापण ओढणारे लोक डोक्यास मुंडासे बांधीत; वाळूवर मासळी सुकत घालणाऱ्या बाया पदर कपाळावर पुढे ओढीत; आणि दुपारी शक्य तोवर कोणी अंगणाबाहेर पडत नसे. तेले होती, नाही असे नाही. घरोघरी खोबरेल होते, आणि रातांब्याच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर येणारे घट्ट कोकमतेल होते. जुनी माणसे त्यास भिरंडेल म्हणत आणि टाचांच्या भेगांना व फुटलेल्या ओठांना ते लावीत. परंतु ही तेले कोरडेपणावरची होत. ऊन अडविण्याचे त्यांचे सामर्थ्य अल्प आहे.

मुरुमांचा विचारही आपल्याकडे जुनाच. सुश्रुतसंहितेत त्यांस मुखदूषिका म्हटले असून त्यांची तुलना सावरीच्या काट्यांशी केली आहे, आणि ते तारुण्यात येतात हेही नोंदविले आहे. म्हणजे उन्हावर उपाय सावलीचा, मुरुमांवर उपाय लेपाचा. दोन दुखणी, दोन वाटा. या दोन वाटा एकमेकींस कोठे छेदतात हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले.

ऊन भाजते ते उष्णतेमुळे, अशी समजूत सर्व जगात होती. सन १८०१ मध्ये योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञास आढळून आले की, जांभळ्या रंगापलीकडे डोळ्यांस न दिसणारे किरण असून तेही चांदीचा क्षार काळा करतात. तेच हे अतिनील किरण. पुढे १८२० मध्ये एव्हरार्ड होम या इंग्रज शल्यवैद्याने एक हात उघडा व दुसरा काळ्या कापडाखाली ठेवून दोन्ही उन्हात धरले. काळ्या कापडाखाली तापमान अधिक चढले, पण भाजला तो उघडाच हात! सन १८८९ मध्ये स्वीडनच्या विडमार्क याने अतिनील किरणच कातडी लाल करतात हे प्रयोगाने दाखवून दिले. किनाऱ्यावरच्या माणसाने या गोष्टीतून एवढे घ्यावे की, दुपारचा खारा वारा अंगास गार लागला म्हणून ऊन कमी झाले असे होत नाही.

शत्रू कळल्यावर शस्त्राचा शोध सुरू झाला. सन १८९१ मध्ये हामर नावाच्या जर्मन वैद्याने क्विनीनचे मलम उन्हावर वापरून पाहिले. हिवतापात आपले वाडवडील नाक मुरडून गिळीत ते कडू कोयनेल हेच होय! सन १९२८ च्या सुमारास अमेरिकेत असे पहिले लेप विक्रीस आले. फ्रान्समध्ये १९३५-३६ च्या सुमारास ‘आंब्र सोलेर’ हे तेल निघाले. फ्रान्झ ग्रायटर हा ऑस्ट्रियन विद्यार्थी १९३८ मध्ये पिझ बुइन शिखर चढताना उन्हाने भाजला आणि १९४६ मध्ये त्याने आपला लेप बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरावर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांस तर जनावरांच्या औषधातले तांबडे, चिकट पेट्रोलियम अंगास फासावे लागे.

ही यादी नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. जवळजवळ सारेच लेप तेलकट किंवा चरबट होते. पांढऱ्या कातडीचा प्रवासी आठ दिवस समुद्रावर जाणार, त्याच्यासाठी ते केलेले. ज्याच्या कातडीतून मुळातच तेल पाझरते त्या सोळा वर्षांच्या मुलाचा विचार त्यांत कोणीच केलेला नव्हता.

मुरूम होतो तो असा. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलपिंड असतो. वयात येताना शरीरातील अंतःस्राव वाढून हा पिंड अधिक तेल सोडू लागतो. रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचे बूच बसते. आत जंतू वाढतात व दाह होतो. अशा रंध्रावर बाहेरून जड तेल चोपडणे म्हणजे तुंबलेल्या गटारावर फरशी बसविणे होय. हे शास्त्राच्या भाषेत मांडण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील आल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांकडे जाते. सन १९७० मध्ये त्यांनी केसांच्या चोपडणांमुळे कपाळावर येणाऱ्या मुरुमांचे वर्णन केले; १९७२ मध्ये सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांचे. त्याच वर्षी डॅनिश त्वचातज्ज्ञांनी मायोर्का बेटाच्या नावाने ओळखले जाणारे मुरूम वर्णिले. उन्हाळी सहलीवरून परतलेल्या प्रवाशांस ते होत, आणि उन्हाबरोबरच तेलकट लेपांवरही त्यांचा संशय घेतला गेला. पुढे सशाच्या कानावर पदार्थ लावून कोणता पदार्थ रंध्रे तुंबवितो याच्या याद्या झाल्या. त्यांत आपले खोबरेल तुंबविणाऱ्यांच्या बाजूस पडले. डोक्यास अवश्य लावावे, पण मुरमाड चेहऱ्यास लावू नये आणि कपाळावर ओघळू देऊ नये.

येथे दोन्ही वाटा एकत्र आल्या, त्याचे कारण औषधे. सन १९७१ मध्ये अमेरिकेत ट्रेटिनोइन हे मुरुमांवरचे मलम संमत झाले व १९८२ मध्ये आयसोट्रेटिनोइन ही गोळी. डॉक्सिसायक्लीनही मुरुमांवर देतात. या औषधांनी कातडी उन्हास अधिक हळवी होते. म्हणजे ज्यास तेलकट लेप सोसत नाही, नेमकी त्यालाच लेपाची सर्वाधिक गरज! या पेचातूनच पाण्यासारखे पातळ व तेलविरहित लेप पुढे आले. तेलकट न दिसणाऱ्या क्रीमची कल्पना आपल्यास नवी नव्हती. मुंबईत १९१९ मध्ये निघालेला ‘अफगाण स्नो’ त्याच जातीचा. पण त्यात ऊन अडविण्याची सोय हवी होती.

आपल्या सावळ्या वर्णाच्या लोकांस आणखी एक कारण आहे. कातडीतील रंजकद्रव्य आपले भाजण्यापासून बरेच रक्षण करते, पण तेच द्रव्य मुरूम बरा झाल्यावर काळा डाग मागे ठेवते, आणि ऊन त्या डागास गडद करून महिनोन्‌महिने टिकविते. मुरूम आठवडाभराचा पाहुणा, पण डाग घरजावई! पुष्कळ मुले औषध घेतात, ऊन मात्र अडवीत नाहीत. मग डाग जात नाहीत म्हणून औषधास दोष देऊन ते सोडून देतात. माझ्या मते मुख्य हानी येथेच होते.

तेव्हा निवड कशी करावी? डब्यावरील एसपीएफ हा आकडा शुल्झे याने १९५६ मध्ये मांडलेल्या व ग्रायटरने पुढे रूढ केलेल्या मापाचा आहे. तो भाजणाऱ्या किरणांपुरता असतो. १५ आकड्याचा लेप सुमारे ९३ टक्के, ३० चा सुमारे ९७ टक्के व ५० चा सुमारे ९८ टक्के असे किरण अडवितो. म्हणून ३० च्या पुढील मोठ्या आकड्यांसाठी फार पैसे मोजण्याचे कारण नाही. डाग गडद करणारे किरण निराळे. ते खिडकीच्या काचेतूनही येतात. त्यांच्यासाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द, किंवा जपानने १९९६ मध्ये सुरू केलेली ‘पीए’ व पुढील अधिकचिन्हे पाहावीत. डाग फार असतील तर लोहाच्या ऑक्साइडमुळे मातकट रंग आलेला लेप अधिक उपयोगी, कारण दृश्य प्रकाशही सावळ्या कातडीवर डाग वाढवितो.

मुरमाड चेहऱ्यास जेल किंवा पातळ लोशन घ्यावे, सुगंधविरहित असल्यास उत्तम. जस्ताच्या ऑक्साइडचा लेप हळव्या कातडीस सहसा सोसतो, मात्र सावळ्या चेहऱ्यावर पांढुरकेपणा दिसू शकतो. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ म्हणजे रंध्रे न तुंबविणारा. परंतु या शब्दामागे सर्वमान्य अशी एकच कसोटी नाही. म्हणून खरी परीक्षा आपल्याच गालावर घ्यावी. लहान नळी आणून जबड्याच्या कडेस आठवडाभर लावून पाहावे. नवे पुरळ उठले नाही तर चेहऱ्यावर घ्यावे. आग होत असल्यास थांबावे.

लावण्याचे मापही महत्त्वाचे. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरास २ मिलिग्रॅम लेप लावून तो आकडा काढतात. आपण बहुधा त्याच्या निम्माही लावीत नाही. चेहरा व मान यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा घ्याव्यात. बाहेर निघण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे लावावा, दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर किंवा समुद्रात बुडी मारल्यावर पुन्हा लावावा, व रात्री सौम्य साबणाने चेहरा धुवावा. घासू नये. मुरूम मोठे, दुखरे असतील तर घरगुती प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

येथे एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते. आपल्या देशात चेहऱ्याच्या क्रीमचा बाजार गोरेपणाच्या आशेवर वाढला. सन १९७५ मध्ये निघालेल्या ‘फेअर अँड लव्हली’ला आपल्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये टाकावा लागला. ऊन अडविणे आणि वर्ण बदलणे या दोन भिन्न गोष्टी होत. लेप लावावयाचा तो कातडी निरोगी राहावी म्हणून. सावळा वर्ण हा रोग नव्हे. त्यावर औषध शोधू नये, आणि पालकांनी तर मुळीच सुचवू नये.

दुसरा इशारा आपल्या समुद्राविषयी. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आणि सिंधुदुर्गाच्या आसपास प्रवाळ आहेत. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्झेट ही लेपांतील दोन द्रव्ये प्रवाळास अपायकारक असल्याच्या संशयावरून हवाई बेटांनी २०१८ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा केला. तो २०२१ पासून अमलात आला. पर्यटकांस बोटीतून नेणाऱ्या व बुडी मारण्यास शिकविणाऱ्या आपल्या तरुणांनी लेप निवडताना हेही पाहावे. लांब बाह्यांचा सदरा व रुंद काठाची टोपी यांमुळे लेपच कमी लागतो, पैसे वाचतात, आणि समुद्रात काही मिसळत नाही.

असा हा दोन वाटांचा इतिहास. मुंडासे, पदर आणि दुपारची सावली यांचे शहाणपण जुने झाले म्हणून टाकाऊ झाले नाही. शास्त्राने त्यास एक पातळ, न तुंबविणारा लेप जोडून दिला आहे. मुलामुलींनो, एक साधी खूण सांगून रजा घेतो. आपली सावली आपल्याहून लांब असेल तोवर ऊन सौम्य. ती आपल्याहून आखूड झाली की टोपी घाला, लेप लावा, आणि मान वर करून चाला.