परंड्याचा हबशी वजीर आणि जनुकांचा गोंधळ

'आफ्रिकन डायस्पोरा' म्हटलं की आपल्याला अटलांटिक महासागर, ऊसमळे आणि अमेरिका आठवते. मला आपल्या धाराशिव जिल्ह्यातला परंडा आठवतो.

१६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला आणि बाल निजामशहाला कैदेत टाकलं. राज्य संपल्यातच जमा होतं. पण मलिक अंबरने घराण्यातला दुसरा राजपुत्र शोधला, परंड्यात त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवलं आणि आपली मुलगीही त्याला दिली. काही वर्षं राजधानी परंडाच होती. हा अंबर इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. अरबस्तान, बगदाद असं फिरत तो दख्खनमध्ये आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोसुद्धा हबशीच! इथे गुलाम सैनिक होई, सरदार होई, प्रसंगी वजीरही. म्हणून ही गुलामगिरी 'सौम्य' होती असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वजीर झालेल्या एकाची नोंद राहते, बाकीच्यांची नावंही उरत नाहीत.

आता मुद्दा विज्ञानाचा. हबशी गेले कुठे, हे डीएनएवरून सांगता येईल ना? २०११ मध्ये गुजरात आणि कर्नाटकातल्या सिद्दींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातला आफ्रिकन वारसा मुख्यतः बांटू भाषिक लोकांशी जुळला आणि भारतीयांशी मिसळण सुमारे २०० वर्षांपूर्वीची निघाली. म्हणजे अंबरनंतर जवळजवळ दोन शतकं! इथिओपिया हा बांटू प्रदेश नव्हे. पोर्तुगीज जहाजांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेले लोक वेगळे, लाल समुद्रामार्गे आलेले हबशी वेगळे. आपण दोघांनाही 'सिद्दी' म्हणून मोकळे होतो.

थोडक्यात, आजच्या सिद्दींचे नमुने तपासून परंड्याच्या हबशांचा इतिहास लिहिता येणार नाही. त्यासाठी फारसी तवारिखा, १६१७ मध्ये अंबरला प्रत्यक्ष भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याची नोंद आणि खुलताबादची त्याची कबर इथे जावं लागतं. जहांगीरने तर अंबरच्या छाटलेल्या शिरावर आपण बाण सोडतोय असं चित्रच काढून घेतलं होतं. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये वृद्धापकाळाने वारला, मुघलांच्या हाती न लागता.

पुढच्या लेखात बांटू आणि इथिओपियन जनुकं वेगळी कशी ओळखतात ते सांगते.